येताना पायघड्या, जाताना भुर्दंड

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा अधिकृत दर ६ रुपये ४६ पैसे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१९ साली तो ठरवून दिला. ही सोय देशात सुरू झाली तेव्हा तो १९ रुपये होता. चहाच्या एका कपाहून कमी पैशांत ग्राहकाने नावडत्या कंपनीला रामराम ठोकावा, इतकी ही व्यवस्था कागदावर सुटसुटीत आहे. परंतु कागद आणि व्यवहार यांची आपल्याकडे क्वचितच गाठ पडते. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीचा एखादा कास्तकार वर्षभराचे रिचार्ज एकदम करतो. जुलै २०२४ मधील दरवाढीनंतर खासगी कंपन्यांच्या अशा वार्षिक योजनेची किंमत ३,५९९ रुपयांवर गेली. चार महिने उलटल्यावर त्याच्या ध्यानात येते की शेतात गेल्यावर या कंपनीचा संदेश पोहोचत नाही आणि शेजाऱ्याच्या फोनवरील दुसऱ्या कंपनीचा पोहोचतो. तो कंपनी बदलू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. मात्र क्रमांक नव्या कंपनीकडे गेला की जुन्या कंपनीकडे भरलेल्या पैशांतील शिल्लक रद्द होते. उरलेल्या आठ महिन्यांचे सुमारे २,४०० रुपये बुडतात. बाहेर पडण्याचा सरकारी दर सहा रुपये आणि प्रत्यक्ष भुर्दंड चोवीसशे, अशी ही गंमत आहे.

पाश्चात्य देशांत या भुर्दंडाला उघड नाव आहे. तेथे ग्राहकाने दीड-दोन वर्षांचा करार केला आणि तो मध्येच मोडला, तर कंपनी ‘मुदतपूर्व करारसमाप्तीचे शुल्क’ म्हणून ठरावीक रक्कम आकारते. २००९ साली अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने स्मार्टफोनसह केलेल्या करारांसाठी ही रक्कम ३५० डॉलरपर्यंत वाढविली, तेव्हा तेथे मोठा गदारोळ झाला आणि सरकारी आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. तरीही त्या शुल्कात एक सोय होती. करार जितके महिने पाळला, तितके ते दरमहा १० डॉलरने उतरत होते. आपल्याकडे असा आकडा बहुधा कोठे छापलेलाच नसतो, कारण कंपनीला तो मागून वसूल करावा लागत नाही. तो आगाऊ घेऊन ठेवलेला असतो. बिलावर जी रक्कम दिसत नाही, तिच्याविरुद्ध तक्रार तरी कशी करायची, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येण्यापूर्वीच कंपनीचे काम झालेले असते.

या भुर्दंडाची झळ कोणाला सर्वाधिक बसते, याचा विचार मुंबई-पुण्यात बसून होणे कठीण आहे. पगारदार माणूस दरमहा रिचार्ज करतो. कंपनी पसंत न पडल्यास त्याचे फार तर पंधरा-वीस दिवसांचे पैसे जातात. कापूसपट्ट्यातील कुटुंबाच्या हाती पैसा येतो तो दिवाळीपासून पुढे, कापूस विकला गेला की. मग त्याच पैशांतून किराणा दुकानाची उधारी, कृषी केंद्राचे देणे, मुलांच्या फिया आणि आता फोनचे वर्षभराचे रिचार्ज भागवायचे. पुन्हा महिन्याचे म्हणून मिळणारे रिचार्ज बहुधा अठ्ठावीस दिवसांचे असते. त्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. ‘ट्राय’ने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेला संपणारी अशी किमान एकेक योजना ठेवावी, असा आदेश काढला, पण दुकानदाराच्या तोंडी अजूनही अठ्ठावीस दिवसांचाच भाव असतो. त्यापेक्षा एकदाच भरून मोकळे व्हावे, हा कास्तकाराचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. वर्षाकाठी एकदा मिळकत असणारा माणूस वर्षाचे पैसे एकदम भरतो आणि म्हणून सर्वांत घट्ट तोच बांधला जातो.

शहरात फोन बंद पडला तर चिडचिड होते, घाटंजी तालुक्यात काम अडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलमधून पाठवायचे आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांसाठी ‘कपास किसान’ या ॲपवरील नोंदणी सक्तीची केली. खरेदी केंद्रावर गाडी कधी न्यायची, ती तारीखही त्याच ॲपवर ठरवायची. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव पदरात पडण्याची वाट अशा रीतीने मोबाइलच्या मनोऱ्यावरून जाते. पारव्याच्या बाजूला, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत, कोलाम पोडांवर कोणत्या कंपनीचे जाळे मिळेल हे कंपनीच्या नकाशापेक्षा तेथील माणसालाच अधिक ठाऊक असते, आणि तेही प्रत्यक्ष वापरल्यावर. म्हणजे चुकीच्या कंपनीची निवड ही येथे अपवादाने होणारी गोष्ट नव्हे. ती चूक दुरुस्त करण्याची किंमत जितकी मोठी, तितके दिवस माणूस त्याच चुकीत राहतो.

घरी तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तेथे कंपनी प्रथम काहीतरी फुकट देते. राउटर मोफत, तार ओढण्याचे आणि जोडणीचे पैसे माफ, वरून एखाद-दोन महिने अधिक. अट एकच, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आधी भरा. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार आहे. ग्राहक मध्येच बाहेर पडू लागला की ‘माफ’ केलेली जोडणी एकाएकी माफ राहात नाही, ‘मोफत’ राउटरची किंमत आठवते, अनामत रकमेतून वजावट निघते आणि भरलेल्या पैशांचा उरलेला भाग परत मिळत नाही. तालुक्याच्या गावात हा व्यवहार पुष्कळदा स्थानिक केबलचालकामार्फत होतो. पैसे त्याच्या हाती दिलेले असतात, पावती असलीच तर कंपनीची असते, आणि भांडण निघाले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. ब्रॉडबँडचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य ‘ट्राय’ने कंपन्यांवरच सोपविले आहे. बाहेर पडणाऱ्याकडून अधिकाधिक किती रक्कम कापता येईल, याला बांध घालणारी मर्यादा त्यात नाही. शिवाय मोबाइलप्रमाणे घरच्या दूरध्वनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. वीस-पंचवीस वर्षे दुकानाच्या पाटीवर रंगविलेला क्रमांक सोडून द्यावा लागतो, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तोही भुर्दंडच असतो.

एक काळ असा होता की सोडून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. टेलिफोन मिळावा म्हणून वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसावे लागे, अनामत भरून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेतून क्रमांक लवकर मिळावा यासाठी वशिले लावावे लागत. ज्यासाठी इतकी तपश्चर्या केली, ते सोडणार कोण? सरकारी मक्तेदारी संपली, खासगी कंपन्या आल्या आणि अप्राप्य वस्तू घरोघरी आली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण मक्तेदारी जाताच ग्राहक मोकळा झाला, हा समज मात्र भाबडा होता. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून हाती फोन दिला. पुढे दीर्घकाळ मासिक रक्कम भरण्याची बांधिलकी होती आणि तो फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालत नव्हता. उत्साहाच्या भरात घेतलेल्या अनेकांनी पुढे बिले थकविली, कंपनीने नोटिसा धाडल्या, आणि कंपनीचेही हात पोळले. बांधून ठेवलेला ग्राहक शेवटी कंपनीलाही लाभत नाही, हा धडा त्याच वेळी घ्यायला हवा होता.

त्यानंतर ‘ट्राय’ने दोन चांगली पावले उचलली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २००४ च्या आदेशाने दूरध्वनी कंपन्यांना बजावण्यात आले की ग्राहक एखाद्या दरयोजनेत आला की निदान सहा महिने ती योजना त्याच्यासाठी टिकली पाहिजे, मात्र ग्राहकाला त्या सहा महिन्यांतही दुसरी योजना निवडण्याची मोकळीक राहील. बंधन बलवानावर आणि मोकळीक दुबळ्याला, हे त्या आदेशाचे तत्त्व होते. दुसरे पाऊल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरयाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय सुरू झाली. २०२४ पर्यंत अशा विनंत्यांची एकूण संख्या शंभर कोटींवर गेली. मात्र या नियमांतच एक मेख राहिली आहे. करारात बाहेर पडण्याच्या अटी असतील आणि ग्राहकाने त्या पाळल्या नसतील, तर त्याची विनंती नाकारता येते. त्या अटी काय असाव्यात, किती जाचक असाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा करार लिहिणाऱ्याच्याच हाती. दार उघडे ठेवायचे आणि कडी आतल्या माणसाच्या हाती द्यायची, असा हा प्रकार आहे.

या मोकळिकीला काय ताकद असते, हे २०२४ च्या जुलैत दिसले. एकाच आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढविले आणि त्या एका महिन्यात भारत संचार निगमकडे सुमारे २९ लाख ग्राहक अधिक आले. सरकारी कंपनीला लोक विसरलेले नाहीत, हे त्यातून कळले. परंतु फोरजीचे जाळे पुरेसे नसल्याने पुढील काही महिन्यांत तो ओघ आटला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे ९७ हजार ५०० मनोऱ्यांवरील संपूर्ण स्वदेशी फोरजी यंत्रणेचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. स्वदेशीचा अभिमान असणाऱ्या प्रत्येकाला याचा आनंद वाटेल. पण ज्याचे वर्षाचे पैसे दुसऱ्या कंपनीकडे अडकले आहेत, तो घाटंजीचा ग्राहक स्वदेशी सेवा अजमावून तरी कशी पाहणार? दशकापूर्वी डझनभर कंपन्या होत्या, आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली आहे. पर्याय जितके कमी, तितके आहे त्या पर्यायांत सहज फिरता येणे अधिक महत्त्वाचे.

कंपनीने पैसे परत करण्यास नकार दिला तर दाद कोठे मागायची? ‘ट्राय’ एकट्या-दुकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. २०१२ च्या नियमांनुसार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे, तेथे समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. आरोपीच्याच घरी न्यायासन मांडल्यावर निकाल काय लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ग्राहक न्यायालयाचा मार्ग तर तब्बल साडेबारा वर्षे धुक्यात होता. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील लवादाच्या तरतुदीचा आधार घेऊन टेलिफोन बिलांचे वाद ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर असल्याचे म्हटले. त्या निवाड्याच्या आधारे कित्येक तक्रारी दारातूनच परत गेल्या. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी हे धुके दूर केले. अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचे मासिक बिल सरासरी साडेपाचशे रुपये असे, २०१३ साली एका महिन्याचे साडेचोवीस हजारांचे बिल आले होते. त्याने २०१४ मध्ये तक्रार केली. ती ऐकण्याचा अधिकार ग्राहक मंचाला आहे एवढेच ठरायला २०२२ उजाडले. बिल बरोबर की चूक, हा मुद्दा त्यापुढचा! २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित ठेवला, हे बरे झाले.

आता कायद्याचा मजकूर पाहावा, तर तो ग्राहकाच्या बाजूचाच आहे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आणली. करारभंगामुळे झालेल्या हानीच्या मानाने अगदी विषम असा दंड लावणे, अवाजवी अनामत मागणे, या गोष्टी त्या व्याख्येत स्पष्टपणे येतात. असे कलम रद्दबातल ठरविण्याचा अधिकारही आयोगाला आहे. पण कोणत्या आयोगाला? येथे खरी गोम आहे. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे चालत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे करायच्या आहेत. कापसाचे हेक्टरी उत्पन्न मोजताना ज्याची दमछाक होते, त्याने चोवीसशे रुपयांच्या वादासाठी यवतमाळ ओलांडून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील नागपूरच्या खंडपीठात जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे हे खरे, पण राज्य आयोगापुढे कराराच्या कलमांवर वाद घालण्यासाठी वकील लागतोच. हजार-दोन हजारांसाठी वकील करणारा ग्राहक अजून जन्मायचा आहे, आणि कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. ज्या तरतुदीचा लाभ घेणे लाभापेक्षा महाग पडते, ती पुस्तकातच शोभून दिसते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. खांबांवरून तार आणायची, घरात यंत्र बसवायचे, आणि ग्राहक दुसऱ्याच महिन्यात निघून गेला, तर तो खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यातच आहे. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. राउटरची किंमत बारा महिन्यांत वसूल व्हायची असेल, तर आठव्या महिन्यात जाणाऱ्याकडून तिचा एक तृतीयांशच मागता येईल, आणि राउटर परत घेतला तर तेवढाही नाही. न वापरलेल्या महिन्यांचे पैसे गिळून टाकण्याचे समर्थन मात्र या तर्कात कोठेच बसत नाही, कारण त्या महिन्यांत कंपनीने सेवा दिलेलीच नसते.

बँकांच्या बाबतीत हे घडून चुकले आहे. घरकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्याकडून बँका दंड घेत असत. कर्जदाराने स्वस्त व्याजाच्या बँकेकडे जाऊ नये, हाच त्यामागील हेतू होता. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या घरकर्जांवरील हा दंड बंद केला. बँका बुडाल्या नाहीत. युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशानुसार दूरसंचार कराराची मुदत चोवीस महिन्यांपुरती सीमित केली आणि मुदत संपून करार आपोआप पुढे सरकला, तर महिन्याच्या पूर्वसूचनेने ग्राहकाला विनाशुल्क बाहेर पडता येईल, अशी सोय केली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून ब्रॉडबँड बदलणाऱ्याला जुन्या कंपनीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. नव्या कंपनीला सांगितले की बाकीची खटपट ती करते. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारांची यादी जाहीर केली आणि त्यात बाहेर पडणे मुद्दाम अवघड करून ठेवणाऱ्या वर्गणीच्या सापळ्याचा समावेश आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. ते दूरसंचाराच्या वहीत उतरवायचे तेवढे बाकी आहे.

‘ट्राय’ने आणखी एक नियम केला आहे. जिल्हा पातळीवर सेवा चोवीस तासांहून अधिक काळ खंडित झाली, तर एप्रिल २०२५ पासून ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ मिळते. नियम स्वागतार्ह असला तरी त्याची मोजपट्टी जिल्ह्याची आहे. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. घाटंजीची तार तुटली आणि यवतमाळ शहर सुरळीत असले, तर घाटंजीच्या ग्राहकाचे चार दिवस कोणाच्या खात्यात? मोजपट्टी तालुक्यावर आणावी आणि ज्या ग्राहकाची सेवा वारंवार खंडित होते, त्याला मुदतीपूर्वी एक पैही न कापता बाहेर पडू द्यावे, ही मागणी त्यामुळे अवाजवी ठरत नाही. न वापरलेल्या महिन्यांचा परतावा, उतरत्या क्रमाने राउटरची वजावट आणि बाहेर पडण्याची रक्कम पैसे घेण्यापूर्वीच मराठीत, मोठ्या अक्षरांत पावतीवर छापण्याची सक्ती, हे सारे ‘ट्राय’च्या एका आदेशाने होण्यासारखे आहे. अनुचित कराराच्या लहान रकमांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे देण्यासाठी संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. विदर्भाच्या खासदारांनी हा विषय लावून धरला, तर त्यात पक्षभेद आड येऊ नये.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा ग्राहकाचा लढा रेशनच्या तेला-साखरेसाठी आणि काट्यातल्या मापात्रुटीसाठी होता. वस्तू बदलली आहे, काट्यातले पाप तेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक दिवस बसून ग्राहकांना तक्रार लिहून दिली, तरी बरेच काम होईल. कराराचे कलम रद्द करून घ्यायला नागपूर गाठावे लागत असले, तरी सदोष सेवेबद्दल पैसे परत मागण्याची तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगापुढे चालते, तीही ग्राहक जेथे राहतो तेथूनच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी पावती, कंपनीकडे नोंदविलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि सेवा बंद असलेल्या दिवसांची तारीखवार नोंद जवळ असावी लागते. राष्ट्रीय ग्राहक मदत केंद्राचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.